लॉरीच्या पोटात करडीचं तेल

मोटारीचं इंजिन का बंद पडतं याची कारणं मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. पेट्रोलमध्ये पाणी गेलं, प्लगावर काजळी धरली, नळीत कचरा अडकला. एक कारण मात्र गिऱ्हाइकाला कधी सांगितलं नाही, ते म्हणजे मिस्त्री. मिस्त्रीच्या शहाणपणानं जेवढी इंजिनं बसली तेवढी धुळीनं बसली नसतील. आता माझे हात कापतात, पाना धरवत नाही आणि गिऱ्हाईक तुटायचं भय उरलं नाही. म्हणून सांगून टाकतो.

मी जातीचा लोहार. माजलगावला कापसाची जिनिंग होती, तिथल्या इंजिनावर मी फिटर होतो. तेव्हा आमचा मुलूख निजामाचा. पलीकडे नगरकडचा इंग्रजांचा. आमच्याकडे मोटार म्हणजे वर्षातून एकदा एखाद्या जहागीरदाराची यायची आणि आली की बंद पडायची, मग मला बोलावणं. एक जहागीरदार तर मोटार दुरुस्त करायला बोलवायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, चालली नाही तरी चालेल, पण भोंगा वाजला पाहिजे." त्यांची मोटार दोन बैल ओढायचे आणि साहेब आत बसून भोंगा दाबायचे. मी भोंगा करून द्यायचो आणि मुकाट्यानं घरी यायचो. असल्या गिऱ्हाइकांत माझी अक्कल लई वाढली, असं मला वाटायचं.

जर्मनची पहिली लढाई संपून दोनेक वर्षं झाली असतील. एक दिवस जिनिंगच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. खाकी सदरा, धोतर आणि पायात पलटणीचे बूट. नाव सखाराम, गाव मांजरसुंब्याच्या अलीकडचं. लढाईत तो इराकात बसऱ्याला लॉरी चालवायचा. तिथं त्याच्या उजव्या खांद्यात लोखंडाचा तुकडा शिरला आणि तिथंच राहिला. हात कोपरापासून झकास चालायचा, पण खांद्याच्या वर जायचा नाही आणि त्यात जोर लागायचा नाही. नांगर धरता येत नव्हता, ओझं उचलता येत नव्हतं. शेतकऱ्याच्या घरात असा माणूस म्हणजे जेवायच्या पंगतीत खाली मान घालून बसणारा.

"मिस्त्री," तो म्हणाला, "नगरच्या छावणीत लढाईच्या लॉऱ्यांचा लिलाव झाला. एक मी घेतली. लढाईचं जे मिळालतं ते सगळं घातलं. आता ती चालू करून द्या."

"बघून घेतली का?"

"बघून काय करता? सगळ्याच बंद हायत. मी चाकं बघून घेतली."

मला तो माणूस तिथंच आवडला. मग त्यानं पुढची गोष्ट सांगितली. लिलावाची अट अशी होती की ताबा घेतल्यापासून पंधरा दिवसांत गाडी फाटकाबाहेर गेली पाहिजे. नाही गेली तर गाडी सरकारची आणि पैसेही सरकारचे. बैल जुंपून ओढून काढावी म्हटलं, तर छावणीत बैल आणायला मनाई. म्हणजे जायचं तर इंजिनावर.

मालकाची रजा काढून मी नगरला गेलो आणि सखारामनं ताबा घेतला. लॉरी बघितली आणि हात टेकले. भरीव रबराची चाकं, मागच्या चाकांना बोटाएवढ्या जाड कड्यांची साखळी, टपावरचं ताडपत्र फाटून लोंबत होतं. बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा संसार. पेट्रोलच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, ते तारेनं काढायला मला अख्खा दिवस गेला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र. त्यात ओल शिरलेली. तो फडक्यात गुंडाळून उन्हानं तापलेल्या वाळूत तीन दिवस पुरून ठेवला. चौथ्या दिवशी फिरवला तर असा झटका बसला की मी आरोळी ठोकली. सखाराम टाळ्या वाजवायला लागला. म्हणाला, "मिस्त्री मेले तरी चालंल, मॅग्नेटो जिता झाला!"

त्या माणसाचं काय सांगावं! मी एखादा बोल्ट सोडला की तो कुठला, हे डोळे मिटून सांगायचा. बसऱ्याला वाळूच्या वावटळीत इंजिनाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर दमलाय ते ओळखायचा. पण इंजिन सुरू करायला पुढून हँडल मारावं लागतं आणि ते त्याच्यानं होत नव्हतं. मी हँडल हातात घेतलं की तो तोंड फिरवून उभा राहायचा.

पाच दिवसांत बाकी सगळं जुळलं आणि क्लच उरला. वाचणाऱ्याला क्लच म्हणजे काय ते सांगतो. इंजिन एकीकडे फिरतं, चाकं दुसरीकडे. दोघांना जोडायचं आणि हवं तेव्हा तोडायचं, एवढंच क्लचचं काम. त्या काळी एका मोठ्या निमुळत्या वाटीत दुसरी निमुळती वाटी बसायची आणि आतल्या वाटीवर चामडं मढवलेलं असायचं. ते चामडं पकड धरतं म्हणून गाडी हलते. आमच्या लॉरीचं चामडं वाळून, तडकून पापडासारखं झालं होतं. नवीन चामडं मुंबईहून यायला महिना लागणार.

"आमच्या गावात भिवा हाय," सखाराम म्हणाला. "पाण्याच्या मोटंची चामड्याची सोंड शिवतो. ती बी निमुळतीच असती."

मी हसलो, पण दुसरा उपाय नव्हता. सखारामनं गावाकडं निरोप धाडला आणि पाच दिवसांनी भिवा आला. साठीचा माणूस, काटक, बोटं चामड्याच्या रंगाची झालेली. तो कातडी कमवायचा, मोटा शिवायचा, गावकुसाबाहेर राहायचा. ज्या बैलगाडीतून तो छावणीच्या फाटकापर्यंत आला तिच्यात सखारामच्या आईनं दोन डबे तेल पाठवलं होतं. घरच्या करडीचं, नव्या हंगामाचं, घाण्यावरून थेट आलेलं. देवापुढं ठेवून, हळदकुंकू लावून. निरोप असा, की यंत्राच्या तोंडात पहिलं तेल आपल्या घरचं पडू दे.

आता तेलाची आमची अडचण होतीच. जिनिंगला इंजिनचं तेल मुंबईहून पत्र्याच्या डब्यात यायचं. मी ते ओतायचो, ते कशाचं असतं याचा विचार करायची मला कधी गरजच पडली नव्हती. छावणीतलं तेल बाहेरच्यांना विकत नसत. बाजारात मागणी नोंदवली तर दहा-बारा दिवस. आणि इथं पिवळंधमक, पातळ, निवळ करडीचं तेल समोर उभं! मी बोट बुडवून बघितलं. मऊ, चकचकीत. माझ्या मनानं घेतलं, की एवढं चोख तेल विलायती इंजिनाला का नाही चालणार?

मी डबा कलता केला तसा मागून आवाज आला.

"मिस्त्री, हे कावून वतायलाव?"

भिवा होता. चार हात लांब उभा.

"का? तुला काय झालं?"

"करडी आटती, मिस्त्री. आमी तेच चुलीवर चढवून आटवितो अन् मोटंला लावितो. त्याचं रोगण व्हतंय. डिंकावानी. मंग पाणी बी आत शिरत न्हाई. ह्यो यंत्राचा डबा तर चुलीवानीच तापतोय न्हवं? एरंडेल घाला. गाडीच्या आसाला घालत्यात तसं."

एरंडेल! गाडीवानांचं काळं, घाण वासाचं वंगण! मी सरळ म्हणालो, "अरे भिवा, तू चामड्यातलं बघ. इंजिनातलं मी बघतो," आणि डबा इंजिनात रिकामा केला. माझ्या बापापेक्षा वडील माणूस, आणि मी त्याला अरे-तुरे करत होतो. तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नव्हतं, हे आज जास्त वाईट वाटतं.

भिवा चामड्याकडं वळला. त्यानं म्हशीचं जाड कातडं भिजत घातलं, ते ताणून वाटीवर चढवलं, कडा अशी तासली की नखही अडकू नये. तांब्याचे रिबीट चामड्यात खोल बसवले, म्हणजे बाहेरची वाटी त्यांना घासणार नाही. मग एरंडेल चोळून चोळून चामडं मऊ केलं. फूटपट्टी नाही, मोजमाप नाही. मोटेची सोंड विहिरीच्या काठावरल्या थारोळ्यापर्यंत पाणी न सांडता यावी म्हणून जो अंदाज लागतो, तोच अंदाज. मी वाटीत वाटी बसवली आणि क्लच असा बसला की आतून हवा गेल्याचा आवाज आला. पुढच्या आयुष्यात मी शेकडो क्लच बसवले. तसा एकही बसला नाही.

बाराव्या दिवशी दुपारी हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं. छावणीच्या अख्ख्या डेपोत भजी तळल्याचा वास सुटला. गोरे शिपाई नाक वर करून येऊ लागले. एकानं खुणेनं विचारलं, जेवण कधी? सखाराम लहान पोरासारखा हसत होता. लॉरी त्यानं डेपोच्या आवारात पुढं नेली, मागं आणली. संध्याकाळपर्यंत आम्ही ती गुरगुरत ठेवली. तेराव्या दिवशी पुन्हा अर्धा दिवस चालवली. मी भिवाकडे असा बघत होतो, की बघ बाबा, आटलं का तुझं तेल?

चौदाव्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. सामान भरलं, नारळ फोडला. मी हँडलाला हात घातला. हँडल हललं नाही.

जोर लावला. नाही. सखारामनं डावा हात लावला, मी दोन्ही लावले, वर पाय ठेवून उभा राहिलो. जणू कुणी आतून सांधे डाक लावून जोडले होते. माझी पाचावर धारण बसली. खालचं झाकण काढलं, बाजूची झाकणं काढली. आत तेल नव्हतंच. होता तपकिरी, चिकट, ताणला तर दोरा निघावा असा डिंक. पिस्टनच्या कड्यांत, व्हॉल्व्हच्या दांड्यांवर, बेअरिंगांत. दोन दिवसांत मी त्या इंजिनाला आतून रोगण लावून ठेवलं होतं.

सखाराम लॉरीच्या चाकाला पाठ टेकून खाली बसला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "आईला काय सांगू? तिच्याच तेलानं गेली म्हणू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या सूर्य मावळेपर्यंतची मुदत आणि ह्या माणसाचं सगळं ह्या लोखंडात अडकलेलं. मी उठलो, भिवा जिथं बसला होता तिथं गेलो आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.

"चुकलो," मी म्हणालो. "आता हे कशानं सुटतं ते सांगा."

'सांगा' म्हणालो. त्याच्याही ध्यानात आलं असावं. पण त्यानं तोंडावर काही दाखवलं नाही. बढाई नाही, टोमणा नाही. फक्त डिंक दोन बोटांत घेऊन ताणला, वास घेतला आणि म्हणाला, "अजून ओला हाय. चार दिस गेले असते तर छिन्नीनंच काढावा लागला असता. राखंच्या पाण्यात उकळा. आमी हत्यारं तशीच साफ करतो."

छावणीच्या मुदपाकखान्यामागं बाभळीच्या राखेचा डोंगर पडलेला होता. आम्ही तिघांनी पोत्यांनी राख आणली, पाण्यात कालवून निवळ काढली, भंगारातल्या लोखंडी पिंपात उकळायला ठेवली. मी इंजिन खोललं आणि एकेक भाग पिंपात सोडत गेलो. इथं माझीही विद्या कामाला आली, हे सांगायला पाहिजे. इंजिनाचं खालचं खोकं पांढऱ्या, हलक्या धातूचं होतं, राखेचा खार लागला तर तो त्याला खाऊन टाकतो. मी ओरडलो, "ह्याला राख नको!" भिवानं लगेच हात मागं घेतला. मग ते खोकं त्यानं घासलेटाच्या बोळ्यानं पुसून काढलं आणि कोपऱ्याकोपऱ्यातला डिंक रापीच्या बोथट बाजूनं, धातूला ओरखडा न पाडता खरवडला. रापी म्हणजे कातडं कापायचं हत्यार. त्या हत्यारानं मी असं नाजूक काम होताना आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सखाराम पिंपाशी बसून भाग काढत होता, पुसत होता, ओळीनं मांडत होता. कुठलाही भाग मागितला की तो हातात हजर. पंधराव्या दिवशी सकाळी मी जोडायला घेतलं. तोवर भिवा नगरच्या तेल्यांच्या आळीत जाऊन एरंडेल घेऊन आला. चार दुकानांत दोन बोटांत धरून, ताणून, वास घेऊन पारखलेलं.

"हे वता," तो म्हणाला.

मी न विचारता ओतलं.

उन्हं कलली होती तेव्हा मी हँडल मारलं. पहिला फेरा, काही नाही. दुसरा, नुसता फुसका. तिसऱ्याला ती जी गरजली, ती गरजतच राहिली. सखारामनं पेडल दाबलं, गिअर टाकला आणि हळूच पाय उचलला. भिवाच्या चामड्यानं धरलं. झटका नाही, हिसका नाही. लॉरी सरकली आणि फाटकाकडं निघाली. फाटकावरच्या गोऱ्या सार्जंटानं कागद बघितला, सूर्याकडं बघितलं आणि अडणा उचलला. माझा जीव भांड्यात पडला. सखारामच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

घरी पोचायला तीन दिवस लागले. पुढच्या बाकावर आम्ही तिघं. सुकाणूवर सखाराम, मध्ये मी, कडेला भिवा. मांडीवर एरंडेलाचा बुधला. चढाला क्लच तापून घसरायला लागला की भिवा पायाखालची फळी उचलायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "थांबा." थोडं निवलं की चिमूटभर राख टाकायचा, कधी चार थेंब तेल सोडायचा. कधी राख आणि कधी तेल, हे मी विचारून विचारून शिकलो. कडा गावाच्या पुढं करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या नाक्यावर कारकुनानं लॉरीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "जनावरं किती?" सखाराम म्हणाला, "एकबी न्हाई." कारकून म्हणाला, "मग गाडी कशी लिहू?" शेवटी त्यानं 'गाडी, बिगरजनावर' असं लिहिलं आणि हात जोडून नमस्कार केला, आम्हाला नव्हे, लॉरीला. पाटोद्याच्या पुढच्या उतारावर माळावरची गुरं शेपट्या वर करून पळाली. कपिलधारेच्या यात्रेहून परतणारी माणसं रस्ता सोडून शेतात उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी सखारामचं गाव आलं. वेशीत सगळं गाव लोटलं होतं. हलगी वाजत होती. सखारामची आई ताट घेऊन पुढं उभी होती. पाटील होते, पागोटी होती. वेस पन्नास पावलांवर राहिली आणि मला एकदम ध्यानात आलं, की आपल्यासोबत बाकावर कोण बसलंय.

मी भिवाला म्हणालो, "बाबा, इथं उतरता का? वेस आली."

मी म्हणालो. सखाराम नाही, गावातलं कुणी नाही. तीन दिवस ज्याच्या खांद्याला खांदा लावून बसलो त्याला मीच म्हणालो. बाबा म्हणालो, उतरता का म्हणालो, सगळं अदबीनं. पण म्हणालो.

सखारामनं वेग कमी केला होता, तेवढ्यात बुधला बाकावर ठेवून भिवा खाली उतरला आणि कडेनं चालू लागला. मी सुटलो असं मला वाटलं. खरंच तसं वाटलं.

लॉरी उभी राहिली. सखारामनं बटण फिरवून इंजिन बंद केलं.

हलगी वाजायची थांबली. तापलेलं इंजिन बंद केलं की पुन्हा धरेल याचा तेव्हा काही भरवसा नसायचा. वेशीत, सगळ्या गावासमोर, आईच्या ताटासमोर लॉरी बंद पडली असती तर लोक जन्मभर त्याला हसले असते. आणि ती पुन्हा सुरू करायची ताकद त्याच्या खांद्यात नव्हती. त्यासाठी मी लागणार होतो. हे त्याला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं.

"मिस्त्री," तो समोर बघत म्हणाला, "भिवाबाबाला वर घ्या. मंग हँडल मारा."

"अरे, गाव बघतंय."

"बघू द्या. मी बसऱ्याला त्याच्यासारख्यांच्या ताटातलं खाल्लंय. न्हाई चढला तर लॉरी हितंच ऱ्हाईल. माझीच हाय."

वेशीतून कुणी तरी ओरडलं, "सख्या, काय झालं रं?" दोन्ही हात सुकाणूवर ठेवून सखाराम बसून राहिला.

मी उतरलो. भिवा रस्त्याच्या कडेला उभा होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, मिस्त्री. माझ्यापायी त्याची लॉरी नगं." मी त्याचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा, सगळ्यांसमोर. त्याला पायरीपर्यंत आणलं, हात दिला आणि बाकावर बसवलं. मग पुढं गेलो आणि हँडल धरलं. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. गर्दीत कुणी तरी हसलं. मी सदऱ्याला हात पुसले आणि सगळा जीव एकवटून तिसरा फेरा मारला.

इंजिन धरलं. मी धावत जाऊन बाकावर बसलो. सखारामनं हळूच पाय उचलला, चामड्यानं धरलं आणि आम्ही तिघं वेशीतून आत गेलो.